कोळशाच्या जहाजावरील उमेदवार

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर स्टेथ्स नावाचे कोळ्यांचे एक लहानसे गाव आहे. इ. स. १७४५ साली तेथील एका दुकानात सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा नोकरीस राहिला. त्याचे नाव जेम्स कुक. बाप शेतावर राबणारा मजूर. बापाच्या मालकाने शाळेचा खर्च केला, म्हणून मुलाला लिहिता-वाचता व हिशेब करता येत होता. परंतु किराणा तोलण्यात व कापड मोजण्यात त्याचे मन रमेना. समुद्र दाराशीच होता. अखेर दीड वर्षाने दुकानदारानेच त्याची गाठ व्हिटबी बंदरातील जॉन वॉकर या जहाजमालकाशी घालून दिली.

वॉकरकडे कुक तीन वर्षांच्या कराराने उमेदवार म्हणून राहिला. मालकाने अन्न व निवारा द्यावा आणि नौकानयनाची विद्या शिकवावी. उमेदवाराने मालकाची सेवा करावी, जुगार खेळू नये, दारूच्या गुत्त्यात पाऊल टाकू नये, असा त्या काळच्या करारांचा दंडक असे. खलाशी होऊ पाहणारी मुले बहुधा याहून लहान वयातच जहाजावर चढत. कुकला थोडा उशीरच झाला होता.

त्याच्या वाट्याला आलेले जहाज कोळसा वाहणारे होते. लंडन शहरातील घरोघरच्या शेगड्यांना लागणारा कोळसा उत्तरेकडील खाणींतून समुद्रमार्गे येई. ही जहाजे दिसावयास बेढब, काळवंडलेली. आरमाराच्या देखण्या युद्धनौकांपुढे कोणी त्यांच्याकडे वळूनही पाहू नये. पण त्यांचा तळ सपाट व बांधणी भक्कम असे. त्यामुळे ओहोटीच्या वेळी ती वाळूवर सरळ बसत आणि भरती आली की पुन्हा तरंगू लागत.

यंत्र नव्हते, वारा हाच काय तो चालक. वादळ उठले की, मध्यरात्र असो वा हिमवृष्टी, पोरांनी डोलकाठीवर चढावे, आडव्या काठीखालच्या दोरावर पाय रोवावे, पोट काठीला टेकवावे आणि ओले, जड शीड दोन्ही हातांनी ओढून गुंडाळावे. पाय निसटला तर खाली लाकडी फळ्या नाही तर समुद्र.

तथापि या किनाऱ्यावर वाऱ्याहूनही मोठे भय वाळूच्या दांड्यांचे होते. दांडे जागा बदलीत, आणि दीपस्तंभ विरळा. अशा ठिकाणी वाट दाखवी तो शिशाचा गोळा. लांब दोरीला बांधलेला हा गोळा पुढे फेकीत व तो तळाला टेकला की पाण्याची खोली वावांत मोजीत. वाव म्हणजे सुमारे ६ फूट; कोकणच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांना हे माप परके नाही. अंधारात नुसत्या स्पर्शाने खोली कळावी म्हणून दोरीला कोठे चामड्याचा तुकडा, कोठे कापडाची चिंधी बांधलेली असे. गोळ्याच्या बुडाशी एक खळगा ठेवून त्यात चरबी भरीत. तिला चिकटून वर आलेली वाळू, शिंपले किंवा चिखल पाहून जाणता खलाशी जहाज कोठे आहे ते ताडी. ही विद्या पुस्तकात वाचून येणारी नव्हे.

पुस्तकांचा अभ्यासही कुकने सोडला नाही. हिवाळ्यात जहाजे बंदरात विसावत, तेव्हा उमेदवार मुले वॉकरच्या घरी राहत. इतर मुले गप्पांत रमली असता कुक गणित व नौकानयनशास्त्र घेऊन बसे. घरचा कारभार पाहणाऱ्या मेरी प्राउड या बाईने त्याला एक मेज व मेणबत्त्या दिल्या, असे सांगतात.

इ. स. १७५५ मध्ये वॉकरने त्याला एका जहाजाचे कप्तानपद देऊ केले. ते नाकारून कुक आरमारात साधा खलाशी म्हणून भरती झाला! सुरक्षित भाकरी सोडून पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहण्यास छाती लागते. दोनच वर्षांत, इ. स. १७५७ मध्ये, जहाजाचे मार्गदर्शन करणाऱ्या अधिकाऱ्याची परीक्षा तो उत्तीर्ण झाला.

इ. स. १७६८ मध्ये, शुक्राचे अधिक्रमण पाहण्यासाठी, आरमाराने त्याला दक्षिण सागरात धाडले. त्यासाठी निवडलेले ‘एंडेव्हर’ हे जहाज व्हिटबीचेच, मूळचे कोळसा वाहणारे होते.

११ जून १७७० च्या रात्री ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याजवळ गोळ्याने १७ वाव खोली दाखविली. तो पुन्हा फेकला जाण्यापूर्वीच जहाज प्रवाळाच्या खडकावर आदळले. तोफा व अवजड सामान समुद्रात फेकून, रात्रंदिवस पंप चालवून, सुमारे २३ तासांनी त्यांनी जहाज सोडविले. पण तळाला भोक पडले होते. मंकहाउस नावाच्या एका तरुणाने जुन्या दोरांचा काथ्या व लोकर थापलेले शीड तळाखालून ओढून घेतले. पाण्याच्या जोराने ते भोकावर घट्ट बसले. त्या अवस्थेत जहाज एका नदीच्या मुखाशी आणून, व्हिटबीच्या सपाट तळाच्या जहाजांना साजेल अशा रीतीने, काठावर टेकविले. पाणी ओसरल्यावर पाहतात तो काय, खडकाचा एक मोठा तुकडा मोडून त्या भोकातच अडकून बसला होता!