वास्तूच्या जन्माचा साक्षीदार

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. चार खोल्यांचें साधें घर बांधावयाचें झालें तरी मालक, गवंडी, सुतार आणि शेजारी यांचीं मनें जुळवितां जुळवितां माणूस मेटाकुटीस येतो. मग ज्या वास्तूंत कोणींच राहावयाचें नाहीं, पण जी पिढ्यान्‌पिढ्या सर्वांसाठीं उघडी राहावयाची आहे, अशा एखाद्या प्रचंड कलासंग्रहालयाची उभारणी होतांना काय काय घडत असेल? या प्रश्नाचें उत्तर बहुधा कोणास मिळत नाहीं. इमारत पुरी झाली कीं परांच्या उतरतात, भांडणें विसरलीं जातात आणि कोनशिलेवर दोनचार नांवें तेवढीं उरतात. कळस सर्वांस दिसतो; पाया कोणासच दिसत नाहीं.

हा न दिसणारा पाया एका चित्रपटानें मात्र दाखविला आहे. अमेरिकेंत लॉस एंजेलिस शहरीं 'गेटी सेंटर' या नांवाचें जें विशाल कलाकेंद्र १६ डिसेंबर १९९७ रोजीं लोकांस खुलें झालें, त्याच्या उभारणीचा हा अनुबोधपट होय. 'कन्सर्ट ऑफ विल्स', म्हणजे अनेक इच्छाशक्तींचा मेळ, हें त्याचें नांव. आल्बर्ट मेझल्स, सूझन फ्रॉम्की आणि बॉब आयझनहार्ट हे त्याचे तीन दिग्दर्शक. यांपैकीं मेझल्स यांना पुढें अमेरिकन सरकारनें कलाक्षेत्रांतील राष्ट्रीय पदक अर्पण केलें. बांधकामाकडे कॅमेरा रोखून बसणाऱ्या माणसाचा एवढा गौरव कां व्हावा, हें समजावयाचें तर आधीं त्या वास्तूची हकीकत पाहिली पाहिजे.

जे. पॉल गेटी हे तेलाच्या धंद्यांत कुबेर झालेले गृहस्थ. आपल्या संग्रहासाठीं त्यांनीं मालिबू येथें एका प्राचीन रोमन प्रासादाच्या धर्तीवर वास्तू बांधविली. ती १९७४ सालीं उघडली. पण ते स्वतः ती पाहावयास कधींच गेले नाहींत. १९७६ सालीं ते वारले, तेव्हां आपल्या संपत्तीचा फार मोठा भाग त्यांनीं या संग्रहालयास ठेवल्याचें दिसून आलें. मृत्युपत्राचे व्यवहार मिटून १९८२ सालीं तें द्रव्य विश्वस्तांच्या हातीं आलें, त्या वेळीं त्याची किंमत एक अब्ज डॉलरांच्या वर गेली होती. हॅरल्ड विल्यम्स यांच्या नेतृत्वाखालीं विश्वस्तांनीं असें ठरविलें कीं, संग्रहालय, कलेच्या इतिहासाचें संशोधन, कलावस्तूंचें जतन आणि शिक्षण हीं सर्व कार्यें एकाच ठिकाणीं नांदावींत. १९८३ सालीं शहराच्या पश्चिम भागांत एक टेकडी विकत घेण्यांत आली आणि १९८४ सालीं रिचर्ड मायर या ख्यातनाम स्थापत्यविशारदांची निवड झाली. द्रव्य होतें, जागा होती, कुशल हात होता. तरीही दार उघडावयास आणखी तेरा वर्षें लागलीं. तीं कां लागलीं, हाच या चित्रपटाचा विषय.

पहिला अडथळा आला तो टेकडीच्या पायथ्याशीं राहणाऱ्या सुखवस्तु शेजाऱ्यांकडून. आपल्या डोक्यावर किल्ल्यासारखी इमारत उभी राहावी आणि तिच्यामुळें रस्त्यावर रात्रंदिवस मोटारींची वर्दळ व्हावी, हें त्यांना मान्य नव्हतें. १९८५ सालीं नगराच्या अधिकाऱ्यांनीं परवानगी दिली ती शंभरांहून अधिक अटी घालून. उंचीवर बंधन पडलें, म्हणून केंद्राचा बराच भाग जमिनीच्या पोटांत न्यावा लागला. प्रेक्षकांनीं मोटारी खालीं ठेवून लहानशा ट्रामगाडीनें वर जावें, अशी योजना झाली. मायर यांची कीर्ति शुभ्र धवल इमारतींबद्दल. पण उन्हांत डोळे दिपविणारी पांढरी वास्तू शेजाऱ्यांना नको होती. ज्या रंगावर नांव मिळविलें, त्याच रंगाला मुरड घालण्याची पाळी वास्तुकारावर आली.

परंतु या अडवणुकींतूनच वास्तूस तिचें खरें रूप लाभलें. रोमजवळ टिव्होली येथें ट्रॅव्हर्टीन नांवाचा मधाच्या रंगाकडे झुकणारा चुनखडीचा दगड निघतो. प्राचीन रोमचें कलोसियम याच जातीच्या दगडाचें आहे. मायर यांनीं तो निवडला. नेहमींप्रमाणें करवतीनें कापून घोटलेला गुळगुळीत दगड त्यांना नको होता. म्हणून खाणवाल्यांनीं बऱ्याच प्रयोगानंतर दगड वरून आघात करून फोडण्याचें यंत्र सिद्ध केलें. असा दगड फुटला म्हणजे त्याच्या पोटांत हजारों वर्षें दडलेल्या पानांचे ठसे उघडे पडतात. सुमारे सोळा हजार टन दगड समुद्रमार्गें आणून त्याच्या जवळजवळ तीन लाख फरश्या या केंद्रास बसविल्या आहेत. आज प्रेक्षक त्या भिंतींवरून कौतुकानें हात फिरवितात. पण त्या दगडांमागें शेजाऱ्यांची नाखुषी उभी आहे, हें त्यांच्या ध्यानींही येत नाहीं.

शेजाऱ्यांनंतर निसर्गाची पाळी आली. १७ जानेवारी १९९४ रोजीं लॉस एंजेलिसला भूकंपाचा मोठा धक्का बसला. अर्धवट उभ्या असलेल्या पोलादी सांगाड्याच्या जोडांना तडे गेल्याचें तपासणींत आढळलें व ते जोड पुन्हां मजबूत करावे लागले.

याहून कठीण होता तो घरांतला कलह. मायर यांनीं आपल्या नकाशांत बागेचीही आंखणी केली होती. पण १९९२ सालीं मधल्या बागेचें काम रॉबर्ट अर्विन या कलावंताकडे सोंपविण्यांत आलें. अर्विन यांचा धंदा बागाईतीचा नव्हे. प्रकाश आणि अवकाश हीं त्यांच्या कलेचीं साधनें. त्यांनीं नागमोडी वाट, झुळझुळणारा ओढा, लोखंडी सळयांच्या झाडांवर चढणाऱ्या बोगनवेली आणि तळ्यांत फुलझाडांचा भुलभुलैया अशी योजना मांडली. मायर यांची दृष्टि सरळ रेषेची आणि काटकोनाची. आपल्या शिस्तबद्ध रचनेच्या मध्यभागीं हा स्वैर विलास त्यांना सोसेना. तीच गोष्ट अंतर्भागाची. जुन्या फ्रेंच सामानसुमानाच्या दालनांची सजावट थिएरी देस्पाँ यांच्याकडे गेली. भिंतींना गर्द रंग व भरजरी वस्त्रें चढलीं, हेंही मायर यांना रुचलें नाहीं. एका बाजूस वास्तूचें ऐक्य, दुसऱ्या बाजूस आंतील वस्तूंची शोभा. दोन्ही पक्ष आपापल्या परीनें खरे. अशा वादांत निवाडा करणें सोपें नसतें, आणि चित्रपटाचें सारें स्वारस्य याच ठिकाणीं आहे.

मेझल्स यांची तयारी या कामाला अनुरूप होती. १९२६ सालीं बोस्टन येथें जन्मलेले हे गृहस्थ मूळचे मानसशास्त्राचे अध्यापक. १९५५ सालीं रशियांतील मनोरुग्णालयें पाहावयास जातांना त्यांनीं बरोबर कॅमेरा नेला, आणि तेथून त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. पुढें धाकटे बंधु डेव्हिड त्यांना येऊन मिळाले. आल्बर्ट यांनीं कॅमेरा धरावा व डेव्हिड यांनीं ध्वनि मुद्रित करावा, अशी या भावांची कामाची वांटणी असे. १९६० च्या सुमारास खांद्यावर पेलण्याजोगे कॅमेरे आणि त्यांच्याशीं मेळ राखून चालणारीं ध्वनियंत्रें आलीं. त्यामुळें माणसें जशीं बोलतात, अडखळतात, रागावतात, तशींच तीं पडद्यावर आणतां येऊं लागलीं. निवेदकानें अर्थ सांगावयाचा नाहीं, कोणास पढवावयाचें नाहीं, जें घडतें त्याची वाट पाहावयाची, ही त्यांची रीत. दारोदार बायबल विकणाऱ्या फिरत्या विक्रेत्यांवरील 'सेल्समन' हा त्यांचा १९६९ चा चित्रपट या रीतीचा उत्तम नमुना होय. क्रिस्टो आणि त्यांची पत्नी जान-क्लोद यांनीं १९७६ सालीं कॅलिफोर्नियांत साडेचोवीस मैलांचें कापडी कुंपण उभारलें, तेव्हां परवानगीसाठीं झालेला झगडाही या बंधूंनीं टिपला होता. कलाकृति आणि लोकमत यांची झुंज कशी पाहावी, याचा अभ्यास त्यांना तेथेंच घडला. १९८७ सालीं डेव्हिड वारले. आल्बर्ट यांनीं काम सोडलें नाहीं.

येथें एक शंका येणें स्वाभाविक आहे. ज्या संस्थेच्या सहकार्यानें चित्रपट निघतो, तिच्याविषयीं तो खरें बोलेल काय? यजमानाच्या घरीं जेवून त्याच्या स्वयंपाकास नांवें ठेवणारा पाहुणा विरळाच. शंका रास्त आहे, आणि अशा प्रत्येक चित्रपटाकडे पाहतांना ती मनांत वागविलीच पाहिजे. शिवाय कॅमेऱ्यानें टिपलेल्या प्रचंड सामग्रींतून काय ठेवावें व काय गाळावें, हें कोणी तरी ठरवितोच. निव्वळ तटस्थता ही कोणासच साध्य नाहीं. तथापि या चित्रपटाची कसोटी अशी लावतां येईल. संस्थेची जाहिरात करावयाची असती, तर रागावलेला वास्तुकार आणि हट्टास पेटलेला कलावंत पडद्यावर आलेच नसते. ते आले, आणि कोण जिंकला याचा डांगोराही पिटला गेला नाहीं. संस्थेनें आपली भांडणें जगास पाहूं दिलीं यांत तिचें मोठेपण आहे. आणि भांडणाऱ्या दोघांनाही समोर धीरानें बसलेल्या माणसाचा संकोच वाटला नाहीं, यांत त्या माणसाचें.

आल्बर्ट मेझल्स यांना २०१३ सालचें पदक २८ जुलै २०१४ रोजीं राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या हस्तें मिळालें. तें एका चित्रपटासाठीं नव्हे, तर साऱ्या आयुष्याच्या कामासाठीं. योगायोग असा कीं, फिलाडेल्फिया येथें बार्न्स संग्रहाची नवी वास्तू रचणारें टॉड विल्यम्स व बिली त्सिएन हें दांपत्यही त्याच वर्षीच्या मानकऱ्यांत होतें. कलेचें घर बांधणारे आणि त्या घराचा जन्म नोंदून ठेवणारा यांचा सत्कार एकाच प्रसंगीं व्हावा, हें सर्वथा योग्य झालें. यानंतर थोड्याच महिन्यांनीं, ५ मार्च २०१५ रोजीं, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीं मेझल्स निवर्तले.

मात्र पदक एकाच्या गळ्यांत पडलें म्हणून श्रेय एकाचेंच, असें नाहीं. फ्रॉम्की यांनीं या बंधूंच्या संस्थेंत वर्षानुवर्षें काम केलेलें. आयझनहार्ट हे तर संकलनाच्या कलेंत मुरलेले. कित्येक वर्षांच्या चित्रणांतून दोन तासांच्या आंत बसणारी सुसंगत कथा काढणें हें लहान काम नव्हे. इमारतीप्रमाणें चित्रपटही अनेक इच्छाशक्तींचा मेळच असतो. त्याच्या नांवाचा अर्थ त्यालाही लागू पडतो.

या सर्वांत आपल्याशीं संबंध असलेलीही एक गोष्ट आहे. २०२३ च्या डिसेंबरांत मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत भारत, इजिप्त, असीरिया, ग्रीस व रोम येथील प्राचीन शिल्पांचें जें प्रदर्शन भरलें, त्यास याच गेटी संस्थेचें साहाय्य होतें. मुंबईच्या त्या घुमटाच्या इमारतीची कोनशिला १९०५ सालीं बसली. महायुद्धाच्या काळांत तिच्यांत लष्करी इस्पितळ होतें, आणि संग्रहालय म्हणून ती १९२२ सालीं उघडली. त्या सतरा वर्षांत कोणी काय सुचविलें, कोण कोणाशीं भांडला, दगड घडविणाऱ्या पाथरवटांचा आवाज कसा होता, हें आतां ऐकतां येणार नाहीं. बोलता चित्रपट तेव्हां जन्मासच आला नव्हता. आज ती अडचण उरलेली नाहीं. यापुढें जेथें जेथें लोकांसाठीं एखादी वास्तू उभी राहील, तेथें पहिल्या कुदळीपासून एक प्रामाणिक डोळा आणि एक प्रामाणिक कान हजर असावा, आणि वास्तूचें तोरण बांधतांना त्या साक्षीदाराचीही आठवण ठेवावी.