कूटचलन आणि घरची किल्ली

आपल्या शहरातून वेरूळकडे जाऊ लागले म्हणजे वाटेत देवगिरीचा किल्ला लागतो. महंमद तुघलकाने सन १३२७ च्या सुमारास दिल्लीहून राजधानी येथे आणली आणि या स्थळास दौलताबाद हे नाव दिले, ही कथा शाळकरी मुलांसही ठाऊक असते. पुढे दोन-तीन वर्षांनी त्याच सुलतानाने चांदीच्या टंक्याच्या किमतीची तांब्या-पितळेची नाणी चालू केली. त्या नाण्यांवर सुलतानाचा हुकूम होता, पण सामान्य कारागिरास उमटविता येऊ नये अशी खूण एकही नव्हती. परिणामी घरोघर टांकसाळी निघाल्या, आणि अखेर ती नाणी परत घेऊन सुलतानास खजिन्यातून चांदी मोजून द्यावी लागली. ही गोष्ट आम्ही तीसहून अधिक वर्षे वर्गात शिकविली आणि दर वर्षी मुले हसली. उतारवयात आमच्याच घरी नाण्याचा असा प्रश्न उभा राहील हे मात्र ध्यानीमनी नव्हते.

घडले ते असे. आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा पुण्यास संगणकाच्या नोकरीत आहे. त्याने तीन-चार वर्षांपूर्वी पगारातून बाजूला टाकलेल्या साठ हजार रुपयांचे बिटकॉइन घेतले आणि ते आपल्या मोबाइलमधील ‘वॉलेट’मध्ये ठेवले. त्या वॉलेटने त्यास बारा इंग्रजी शब्द दिले व ते कागदावर लिहून ठेवण्यास बजावले. चिरंजीव तेव्हा सुटीत घरी होते. त्यांनी ते शब्द, कोणाच्या मनातही येणार नाही अशा ठिकाणी, म्हणजे घरातील पंचांगाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहिले. युक्ती वाईट नव्हती. परंतु पाडवा आला, नवे पंचांग आले, आणि आमच्या कुटुंबाने नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे जुने पंचांग रद्दीत घातले. पुढे मृगात त्याचा मोबाइल पाण्याच्या टाकीत पडला. नव्या मोबाइलने बारा शब्द मागितले. मुलगा रातोरात पुण्याहून आला आणि देवघरापासून माळ्यापर्यंत सारे घर त्याने पालथे घातले. “काकू, पंचांग कुठाय?” हा त्याचा प्रश्न आणि तिचा पांढरा पडलेला चेहरा आम्हांस अद्याप आठवतो. त्या दिवशी घरात कोणी धड जेवले नाही. तिचा दोष नव्हता. तिला कोणी काही सांगितलेच नव्हते.

तेव्हापासून हा विषय समजून घेण्याच्या मागे आम्ही लागलो. आमच्या वाचकांच्या घरांतूनही असे तरुण असणार, म्हणून जे समजले ते येथे देत आहो.

मराठीत या वस्तूस कोणी ‘आभासी चलन’ म्हणतात, कोणी ‘कूटचलन’. संस्कृतात ‘कूट’ म्हणजे कोडे, आणि ‘कूट’ म्हणजे खोटेही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खोट्या नाण्यास ‘कूटरूप’च म्हटले आहे. यातला कोणता अर्थ लागू पडेल, हे बरेचसे घेणाऱ्याच्या शहाणपणावर अवलंबून आहे. बिटकॉइनची कल्पना सातोशी नाकामोतो या टोपणनावाच्या गृहस्थाने ऑक्टोबर २००८ मध्ये मांडली व जानेवारी २००९ मध्ये ते चालू झाले. त्याची एकूण संख्या २ कोटी १० लाखांच्या पुढे जाणार नाही असा नियम त्याच्या रचनेतच आहे. एका बिटकॉइनचे १० कोटी भाग होतात, तेव्हा शंभर रुपयांचेही घेता येते. त्याची खातेवही कोणा एका पेढीत नाही. जगभरच्या हजारो संगणकांवर तिच्या प्रती आहेत, आणि सुमारे दर दहा मिनिटांनी तीत नवे पान जोडले जाते. एका प्रतीत खाडाखोड केली तर बाकीच्या प्रती ती मान्य करीत नाहीत. तुघलकाच्या नाण्यास जे साधले नाही ते येथे साधले आहे. हे नाणे घरी पाडता येत नाही. ते चोरता मात्र येते आणि हरवताही येते.

आमचे वडील निजामी अमलात शिक्षणखात्यात होते व त्यांचा पगार हाली शिक्क्यात मिळे. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब त्या काळी पोरांनाही पाठ असे. हाली गेला तरी बदलून देणारे सरकार होते. हुंडीचेही तसेच. हुंडी गहाळ झाली तर सावकार ‘पेठ’ लिहून देई आणि पेठही हरवली तर ‘परपेठ’. बँकेचे पासबुक फाटले तर नवे मिळते, आणि बँकच बुडाली तर २०२० पासून पाच लाखांपर्यंतच्या ठेवीस विम्याचे संरक्षण आहे. या नव्या द्रव्यास पेठ नाही, परपेठ नाही व विमाही नाही. ज्यास ते बारा (काही वॉलेटांत चोवीस) शब्द ठाऊक, तो धनी. मग तो मूळ मालक असो की रद्दीवाला.

हे शब्द २०४८ शब्दांच्या एका ठरीव यादीतून निवडलेले असतात आणि त्यांचा क्रम बदलून चालत नाही. शेवटच्या शब्दात आधीच्या शब्दांचा पडताळा गुंफलेला असतो. वेदपाठी ब्राह्मणांनी क्रम, जटा, घन असे पाठ रचून एक अक्षर इकडचे तिकडे होऊ दिले नाही, त्याची येथे आम्हांस आठवण झाली. फरक एवढाच की वेद मुखोद्गत करणारे पुष्कळ होते, आणि हे शब्द एकाच डोक्यात राहिले तर त्या डोक्याबरोबर जातात.

यावर कोणी म्हणेल, ‘शब्द सांभाळण्याची यातायात कशाला? जेथून विकत घेतले त्या एक्स्चेंजवरच राहू द्यावे.’ एक्स्चेंज म्हणजे देवघेवीची पेढी. तेथे किल्ली पेढीपाशी असते, आपल्यापाशी फक्त खात्याचा आकडा. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या मुंबईच्या मोठ्या पेढीतून सुमारे तेवीस कोटी डॉलरांचे चलन चोरीस गेले, आणि खातेदारांचे व्यवहार अडकले ते ऑक्टोबर २०२५ पर्यंत. पुढच्याच जुलैत कॉइनडीसीएक्स या पेढीतूनही चोरी झाली. तो पैसा पेढीचा स्वतःचा होता, म्हणून खातेदार वाचले. याउलट वेल्समधील न्यूपोर्ट गावी एका गृहस्थाची किल्ली असलेली संगणकाची तबकडी २०१३ साली कचऱ्यात गेली. तीवर हजारो बिटकॉइन होते. कचऱ्याचा डोंगर उकरू द्यावा म्हणून तो न्यायालयात गेला, पण जानेवारी २०२५ मध्ये त्याचा दावा फेटाळला गेला. हे वाचून दाखविल्यावर आमच्या कुटुंबास थोडा धीर आला, असे म्हणावयास हरकत नाही.

तरीही ज्यास घ्यावयाचेच आहे त्याने काय करावे? आमच्या मते पहिली पायरी नकाराची आहे. दरमहा ठराविक नफा देतो म्हणणाऱ्यास उंबरा ओलांडू देऊ नये. पुण्यात ज्याचा खटला गाजला त्या ‘गेनबिटकॉइन’ योजनेने दरमहा शेकडा दहा, तेही अठरा महिने, असे आमिष दाखविले होते. तिचा प्रवर्तक अमित भारद्वाज यास २०१८ मध्ये अटक झाली आणि २०२२ च्या जानेवारीत तो वारला. लोकांचा पैसा अडकला तो अडकलाच. त्याच तपासात पोलिसांना साहाय्य करणाऱ्या दोघा जाणकारांवर आरोपींचे बिटकॉइन वळविल्याचा आरोप येऊन त्यांनाही २०२२ मध्ये अटक झाली. किल्ली हाती आली म्हणजे काय होऊ शकते, याची कल्पना यावरून यावी. आपल्या जिल्ह्यात तर बिडकीनकडील शेतकऱ्यांनी जमिनीच्या मोबदल्याचे पैसे ‘तीस-तीस’ योजनेत घातल्याचे प्रकरण ताजेच आहे. त्यात बिटकॉइन नव्हते, पण मोह हाच होता.

खरेदी करावयाची ती केंद्र सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदलेल्या पेढीतूनच. तेथे पॅन व आधार द्यावे लागते व पैसे स्वतःच्या बँकखात्यातून जातात. अर्थात नोंदणी म्हणजे सरकारची हमी नव्हे. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये बँकांस या व्यवहारांपासून दूर राहण्यास फर्माविले होते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये ते परिपत्रक रद्द केले. चलन म्हणून त्यास आजही कायद्याची मान्यता नाही. कर मात्र चोख आहे. २०२२ पासून नफ्यावर शेकडा तीस, आणि तोटा झाला तर तो दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. विक्रीच्या वेळी ठराविक मर्यादेपलीकडे शेकडा एक कापून घेतात ते वेगळेच. रक्कम किती घालावी? नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६९ हजार डॉलरला गेलेले बिटकॉइन वर्षभरात १६ हजारांच्या खाली आले होते. मुलीच्या लग्नाचा, घराच्या हप्त्याचा किंवा वडिलांच्या औषधाचा पैसा यात घालणाऱ्यास आम्ही शहाणा म्हणणार नाही.

रक्कम मोठी असेल तर ‘हार्डवेअर वॉलेट’ नावाचे काडेपेटीएवढे यंत्र मिळते. किल्ली त्याच्या आत राहते, इंटरनेटवर जात नाही. ते जुन्या बाजारातून न घेता थेट बनविणाऱ्याकडून घ्यावे, आणि त्यात शब्द आधीच लिहून आले असतील तर ते वापरूच नये. शब्द शाईने कागदावर लिहावेत, दोन प्रती कराव्यात आणि त्या दोन ठिकाणी ठेवाव्यात. मोबाइलने त्यांचे छायाचित्र काढू नये. फोनवर कोणी ते विचारले, मग तो पेढीचा अधिकारी म्हणवो की पोलीस, तर तो चोर समजावा. पैसे पाठविताना पत्त्याची अक्षरे ताडून पाहावीत व प्रथम अगदी थोडी रक्कम धाडावी, कारण चुकलेली रक्कम परत आणणारा पोस्टमन येथे नाही. मोठी रक्कम ठेवण्यापूर्वी यंत्र एकदा पुसून, लिहिलेल्या शब्दांवरून ते पुन्हा चालू होते की नाही हेही पाहावे. आमच्या पुतण्याने यातले काहीच केले नव्हते.

राहिला वारसाचा प्रश्न. कॅनडातील क्वाड्रिगा पेढीचा चालक डिसेंबर २०१८ मध्ये जयपुरास वारला, आणि किल्ल्या त्याच्याबरोबरच गेल्या असे लोकांस सांगण्यात आले. पुढे चौकशीत त्याने आधीच पैसा उधळला होता असे निघाले, ते निराळे. पण लोकांना ती गोष्ट सहज खरी वाटली, कारण ती खरी असू शकली असती. आपल्या एकत्र कुटुंबात सोने कोठे, खतपत्रे कोठे, हे निदान दोघांस ठाऊक असते. कमावत्या मुलाच्या या द्रव्याविषयी मात्र त्याच्या पत्नीसही पुष्कळदा पत्ता नसतो. शब्द सर्वांना सांगावेत असे आम्ही म्हणत नाही. लिफाफा आहे, तो अमुक ठिकाणी आहे, आणि तो उघडावयाचा प्रसंग कोणता, एवढे दोन माणसांस कळावे व मृत्युपत्रात तशी नोंद असावी.

पुतण्याने आता पुन्हा थोडे बिटकॉइन घेतले आहेत. त्याच्या शब्दांचा लाखबंद लिफाफा आमच्या लोखंडी कपाटात खतपत्रांच्या खाली आहे व दुसरा बंधूंकडे. आत काय आहे ते आम्ही पाहिलेले नाही. जुन्या वॉलेटचा पत्ता त्याच्यापाशी आहे. गेल्या दिवाळीत त्याने तो सार्वजनिक खातेवहीत काढून आम्हांस दाखविला. सारी रक्कम जशीच्या तशी तेथे दिसते, एक कणही हललेला नाही. रद्दीवाला दारात आला म्हणजे आमचे कुटुंब आता प्रत्येक वही उलटून मागचे पान पाहते, आणि गेल्या पाडव्यापासून जुनी पंचांगे बाहेर जाणे बंद झाले आहे.