फिट येणाऱ्या मजुराला काम द्या, पण काम पाहून द्या



हंगामात मजूर मिळत नाही म्हणून ओरड असते, अन् गावातला एखादा कष्टाळू पोरगा फिट येते, म्हणजे मिरगी आहे, म्हणून घरी बसवला जातो. मिरगी हा मेंदूचा आजार आहे, लागट नाही. रोज गोळी घेतली तर बऱ्याच जणांच्या फिट थांबतात.

ज्याच्या थांबल्या नाहीत त्याला थ्रेशर, ट्रॅक्टर, फवारणी अन् संत्रा तोडणीच्या शिडीवर लावू नका. कापूस वेचणी, संत्र्याची प्रतवारी, गोदामात वजनाची नोंद, ही कामं चार माणसांत तो आरामात करतो.

सगळ्यात धोक्याचं म्हणजे रातचं ओलित. लाइन रात्री येते, झोप होत नाही, अन् जागरणानंच फिट येऊ शकते. तीही विहिरीपाशी, एकट्याला. दांडात तोंडघशी पडला तर वीतभर पाणीही पुरतं. ही पाळी बदला, त्याबदली दिवसाचं काम द्या.

सकाळच्या घाईत गोळी राहून जाते, म्हणून ती डब्यासोबतच बांधा. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नका.

फिट आलीच तर विळा-खुरपं दूर करा, कुशीवर वळवा. तोंडात चमचा किंवा पाणी नको. कांदा, चप्पल हुंगवून काही होत नाही. ५ मिनिटांत थांबली नाही तर १०८ लावा.

अन् फवारताना कोणाला पहिल्यांदाच झटका आला तर मिरगी समजून थांबू नका, विषबाधा असू शकते. औषधाचा डबा सोबत घेऊनच दवाखान्यात न्या.