अंगणातला तरणतलाव : खोक्यावरची किंमत आणि खरा खर्च

उन्हाळा लागला की दुकानांत लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर ताणायचे गोल तरणतलाव दिसू लागतात. खड्डा खणायला नको, गवंडी नको. दोन माणसे तास-दोन तासांत उभा करतात आणि हंगाम संपला की घडी घालून माळ्यावर टाकतात. खिदिरपुरात मे महिन्याच्या दुपारी हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटते, तेव्हा मुलांनी असा तलाव मागितला तर त्यात नवल नाही. तुम्हीही घेऊ शकता. फक्त ठेव मोडण्यापूर्वी किंवा हप्त्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी पुढचा हिशेब एकदा स्वतः करून पाहा. यातील दर उदाहरणासाठी धरले आहेत. तुमच्या बिलावरचे आणि दुकानदाराने सांगितलेले आकडे त्यांच्या जागी घाला.

पहिला प्रश्न पैशाचा नाही, जागेचा आहे. खिदिरपूरच्या दाट वस्तीत बाग असलेली घरे थोडी. त्यामुळे तलाव गच्चीवर ठेवू, असे सहज सुचते. तसे करू नका. 10 फूट व्यासाच्या, अडीच फूट उंचीच्या तलावात सुमारे 4,500 लिटर पाणी मावते, म्हणजे साडेचार टन वजन. चौरस मीटरला ते 600 किलोच्या वर जाते. लोकांचा वावर असलेली घराची गच्ची भारतीय मानकानुसार चौरस मीटरला साधारण 150 किलो जादा भार धरून आखतात. घर जुने असेल, भिंतीतून पावसाचे पाणी झिरपत असेल, तर तेवढाही भरवसा नाही. घर भाड्याचे असेल तर नुकसानीची भरपाई अनामत रकमेवर भागणार नाही. तलाव जमिनीवरच हवा, आणि ती जमीन सपाट हवी. एका बाजूला कलली तर पाण्याचा सगळा रेटा त्या बाजूच्या नळ्यांवर येतो.

आता खरेदी. समजा, पंपासकट किंमत ₹18,000 आहे. दुकानात 'बिनव्याजी हप्ता' म्हणतात, पण शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्ये बँकांना बजावले होते. व्याज एक तर किमतीत मिसळलेले असते, नाही तर रोखीने मिळणारी सूट तुम्हाला मिळत नाही. उघड 16 टक्क्यांनी क्रेडिट कार्डावर बारा हप्ते केले, तर महिना सुमारे ₹1,633 पडतात. वर्षभरात जवळजवळ ₹1,600 व्याज, त्यावर 18 टक्के जीएसटी, वर प्रक्रिया शुल्क. सारे मिळून दोन हजारांच्या पुढे. उलट ₹1,500 ची आवर्ती ठेव वर्षभर भरली, तर साडेसहा टक्क्यांनी ₹630 च्या आसपास व्याज तुमच्याच पदरात पडते. तलाव एक उन्हाळा उशिरा येईल, इतकेच. चालू मुदत ठेव मोडली तर ती जितके दिवस राहिली तितक्याच मुदतीचा व्याजदर मिळतो, आणि बऱ्याच बँका त्यातूनही थोडा दंड कापतात.

यापुढचा खर्च खोक्यावर छापलेला नसतो. 'हिवाळ्यातही वापरता येईल' असे सांगून विक्रेता हीटर पुढे करतो. पाणी तापवण्याचे गणित सोपे आहे : एक युनिट विजेत 860 लिटर पाणी एका अंशाने तापते. म्हणून आपल्या तलावाला प्रत्येक अंशामागे सव्वापाच युनिट लागतात. जानेवारीत पाणी 20 अंशांवर असेल आणि मुलांना 29 हवे असेल, तर सुरुवातीलाच 47 युनिट झाले. आपला रोजचा वापर खालच्या टप्प्यांत आधीच मोजला जातो, त्यामुळे हे जादा युनिट बिलाच्या वरच्या, महाग टप्प्यात पडतात. ₹9 चा दर धरला तर ₹423.

इथवर फारसे काही बिघडत नाही. पण तापलेले पाणी रात्रभर उघडे राहते. त्यातून वाफ होऊन गेलेले प्रत्येक लिटर पाणी दोन तृतीयांश युनिटाची उष्णता सोबत नेते. पाण्याची पातळी रात्रीतून 3 मिलिमीटर उतरली, जी कुणाच्या लक्षातही येणार नाही, तर 22 लिटर गेले आणि तलाव जवळजवळ तीन अंशांनी थंड झाला. ते भरून काढायला रोज 15-16 युनिट, म्हणजे सुमारे ₹140. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत 60 दिवस धरले तर ₹8,400, म्हणजे तलावाच्या जवळपास निम्मी किंमत. दुसऱ्या हिवाळ्यात पुन्हा तेवढेच.

म्हणून हीटरच्या आधी झाकण घ्या. हवेचे बुडबुडे असलेले प्लास्टिकचे झाकण संध्याकाळी पसरले की वाफ अडते आणि हा खर्च सहज निम्म्यावर येतो. दिवसा तेच झाकण कोलकात्याचे हिवाळी ऊन पाण्यात शिरू देते, आणि त्या उन्हाचे बिल कोणी पाठवत नाही. हीट पंप हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो, म्हणून एका युनिटात चार युनिटांचे काम करतो. ऐकायला छान आहे. झाकणासह त्याचा हंगामाचा खर्च ₹1,050 येईल, साध्या हीटरपेक्षा ₹3,150 कमी. पण यंत्र ₹60,000 चे असेल तर ते पैसे वसूल व्हायला एकोणीस वर्षे लागतील. तलावाचे कापड तेवढे टिकत नाही. आमचे मत विचाराल तर खिदिरपुरात हीटर घेऊच नये. ते दोन महिने तलाव माळ्यावर राहू द्यावा. नाशिककडे हिवाळा अधिक कडक असतो, तिथे तर हा खर्च आणखी वाढेल.

बादलीत टाकायचा रॉड मात्र कोणत्याही परिस्थितीत तलावात सोडू नका. पंपाच्या जोडणीला अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच हवाच. त्याचे आणि वायरमनचे पैसे आधीच खर्चात धरा. वापर नसताना शिडी काढून ठेवा, कारण लहान मूल बुडायला अडीच फूट पाणी पुष्कळ झाले.

उरले पाणी. गाळणी आणि क्लोरीन वापरले तर एकदा भरलेले पाणी बराच काळ चालते. कंटाळा केला तर आठवड्याला 4,500 लिटर ओतावे लागेल. शिवाय स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच डेंग्यूचा डास अंडी घालतो. कोलकाता महापालिकेची माणसे घरोघरी साचलेले पाणी पाहत फिरतात आणि नोटीसही देतात. पावसाळ्याच्या तोंडावर तलाव रिकामा करा, पण एका दमात नको. आधीच तुंबणाऱ्या गल्लीत साडेचार हजार लिटर सोडले तर ते शेजाऱ्याच्या उंबऱ्यात जाईल. क्लोरीन टाकणे आठवडाभर आधी थांबवा आणि पाइप लावून दोन-तीन दिवसांत थोडे थोडे पाणी फरशी धुवायला, झाडांना घाला. कापड पूर्ण सुकल्यावरच घडी घाला. दमट हवेत ओली घडी महिनाभरात काळी पडते आणि पुढच्या वर्षी नवे कापड घ्यावे लागते.