थंड इंजिनाची साक्ष

दात मोजल्यावाचून आणि चार पावले चालवून पाहिल्यावाचून बैलाचा इसार देऊ नये, हा आमच्याकडील शेतकऱ्यांचा पिढीजात दंडक जुनी मोटार खरेदी करतानाही किती उपयोगी पडतो, याचा प्रत्यय मला दिंद्रुड येथे भाच्याच्या निमित्ताने आला. त्याचे मन एका आखूड बांध्याच्या, परंतु अतिशय वेगवान अशा जुन्या हॅचबॅकवर जडले होते. चाकणच्या कारखान्यातील पोलो जीटी टीएसआय किंवा रांजणगावची १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो या कुळातील गाड्या आता नव्या मिळत नाहीत, आणि म्हणूनच तरुणांना जुन्या गाड्यांची ओढ अधिक.

या कुळातील गाडीची परीक्षा साध्या गाडीहून कठोर का असावी, याचे कारण तिच्या टर्बोत आहे. २०१३ साली आलेल्या जीटी टीएसआयच्या अवघ्या १.२ लिटर इंजिनातून सुमारे १०५ अश्वशक्ती मिळते ती त्याच्याच योगे. आणि मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारा त्याचा दांडा केवळ स्वच्छ तेलाच्या पातळ थरावर तोललेला असतो. गाडी भरधाव पिटाळून आणून ज्याने तत्क्षणी किल्ली फिरवून ती बंद केली, त्याने ते तेल जागच्या जागी करपविले. पहिल्या मालकाचा उतावळेपणा असा यंत्रात मुरतो आणि पुढे दुसऱ्याच्या पदरी येतो.

सायंकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा आमच्या वृद्ध मिस्त्रींनी रंगाच्या झळाळीकडे दृष्टीही न टाकता बॉनेटवर तळहात टेकला आणि मला बाजूला घेऊन म्हटले, “गुरुजी, इंजिन आधीच गरम करून ठेवलंय. सकाळी येऊ.” मात्र उरलेला उजेड त्यांनी वाया दवडला नाही. सातबारावरील बोजा पाहावा तसा आरसी बुकावरील बँकेचा बोजा पाहिला. चासी आणि इंजिनाचे क्रमांक दस्तऐवजाशी अक्षर-अक्षर ताडले. आणि नावावर करून घेण्याचा अर्ज कायद्याप्रमाणे तीस दिवसांच्या आत द्यावयाचा असतो, याची भाच्याला समज दिली. पुढच्या मडगार्डाच्या बोल्टांवरचा रंग पान्याने खरवडला गेला आहे काय, दारांच्या फटी सारख्या आहेत काय, हे त्यांनी बोट फिरवून पाहिले, कारण गाडीची ठोकर रंगाने झाकता येते, फटी झाकता येत नाहीत. मग टायरवरील चार आकडे त्यांनी ओल्या फडक्याने पुसून वाचले: १८२१, म्हणजे २०२१ सालचा अठरावा आठवडा. “हे गाडीचे दात,” ते म्हणाले. मीटर बत्तीस हजार किलोमीटर सांगत होते; टायर मात्र मूळचे नव्हते, आणि ब्रेकच्या पेडलचे रबर झिजून गुळगुळीत झाले होते. मीटर मागे फिरविता येते. पावलाखाली झिजलेले रबर कोण भरून काढणार?

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही पुन्हा गेलो. या खेपेस बॉनेट गार होते. मिस्त्रींनी भाच्याला किल्ली दिली, रेडिओ बंद करविला आणि स्वतः सायलेन्सरपाशी उकिडवे बसले. इंजिन सुरू होताच निळसर धुराची एक रेघ त्या स्वच्छ हवेत वर चढली, काही क्षण तरंगली आणि विरून गेली. गरम इंजिनात ही साक्ष आम्हांस मिळाली नसती. नंतर गाडी बंद करवून त्यांनी टर्बोपासून निघणारी रबरी नळी सोडविली. आतून बाहेर आलेले त्यांचे बोट काळ्या तेलाने थबथबलेले होते. ते त्यांनी काहीही न बोलता भाच्यासमोर धरले. त्यानेही वाद घातला नाही, दार हळुवारपणे लावून तो एवढेच म्हणाला, “मामा, दुसरी बघू.”

पुढच्या आठवड्यात माजलगावला दुसरी गाडी पाहावयास गेलो, तेव्हा विक्रेत्याचे प्रास्ताविक संपण्यापूर्वीच भाचा पुढे झाला आणि त्याने प्रथम बॉनेटवर तळहात टेकला.