वेंगुर्ल्याचे पक्षितीर्थ

शेवगाव-नेवाशाकडील ज्या वाचकांनी नाथसागराच्या जलाशयावर सुरय पक्ष्यांना घिरट्या घालताना पाहिले असेल, त्यांनी त्या कुळातील सागरवासी आप्तांच्या भेटीसाठी वेंगुर्ल्याच्या बंदरापलीकडे, भर समुद्रात उभ्या असलेल्या खडकाळ बेटांकडे एकदा अवश्य दृष्टी वळवावी. पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांचा येथील सुरय व पाकोळ्यांवरील लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात 1940 साली प्रसिद्ध झाला. सुरय उघड्या कातळावरच अंडी ठेवतात. परंतु खरे नवल पाकोळीचे. गुहेच्या भिंतीला स्वतःच्या लाळेने ती वाटीसारखे घरटे चिकटविते, आणि असली घरटी पूर्वेकडील धनिकांच्या सारात शिजत असल्याने बिचारीच्या बिऱ्हाडावर चोरांची जप्ती ठरलेलीच! गुहेतल्या निबिड अंधारात मात्र ती टकटक ध्वनी काढून, त्याच्या प्रतिध्वनीवरून आपली वाट शोधते.