उन्हातला पूर्ण बाह्यांचा सदरा
(उन्हाळा आणि आपले शरीर : लेखांक ६)

घाम शरीराला कसे थंड ठेवतो, हे मागच्या लेखात पाहिले. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. आपल्या त्वचेचे तापमान उन्हाळ्यात साधारण ३५ अंश असते, आणि मे महिन्यात जालन्याचा पारा चाळिशी ओलांडतो. म्हणजे दुपारी अंगाला लागणारा वारा आपली उष्णता नेत नाही, उलट स्वतःची देऊन जातो. अशा वेळी शरीराच्या हातात घाम हे एकच साधन उरते. म्हणून कपड्याला दोनच गोष्टी विचारायच्या: तो ऊन अडवतो का, आणि घाम वाळू देतो का?

बदनापूर-अंबडकडच्या शिवारात पेरणीआधी धसकटे वेचणाऱ्या बाया साडीवर घरातल्या पुरुषाचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात आणि डोक्याला रुमाल बांधतात. एवढ्या कपड्यांत त्यांचा जीव उकडत असेल, असे पाहणाऱ्याला वाटते. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या वाळवंटात शरीरक्रियाशास्त्रज्ञ अॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सैनिकांवर जे प्रयोग केले, त्यांत उघड्या अंगाने उन्हात बसलेल्याला कपडे घातलेल्यापेक्षा जास्त घाम आला. उघडी कातडी ऊन थेट शोषते, तापलेल्या जमिनीची धगही घेते, आणि त्याची किंमत शरीरातल्या पाण्याने चुकवते. शर्ट मात्र ढगळ हवा. रंगाचे काय, असे कोणीही विचारेल. सिनाईच्या वाळवंटातले भटके बेदुईन लोक काळे झगे का घालतात, याचा अभ्यास १९८० साली ‘नेचर’मध्ये आला. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापत होता, पण कातडीपर्यंत पोचणारी उष्णता दोन्हींत सारखीच होती. झगा आणि अंग यांच्यामधून खेळणारी हवा ती जादा उष्णता बाहेर नेत होती. यावरून काळे कपडे घ्यावेत असे मी म्हणणार नाही. अंगाला चिकटणाऱ्या कपड्यात ही हवाच नसते, तिथे पांढराच बरा. पण रंगाची जेवढी चर्चा होते, तेवढी ढगळपणाची होत नाही, आणि व्हायला हवी ती त्याचीच.

आता कापड. सूत साधारण हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या सुमारे आठ टक्के धरून ठेवते, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. खेळाडू पॉलिस्टरच घालतात, हा आक्षेप खरा आहे. पण त्यांची जाळीदार जर्सी घाम पसरवून वाळवण्यासाठी मुद्दाम विणलेली असते. आठवडी बाजारातली गुळगुळीत सिंथेटिक साडी तशी नसते, ती ओल्या पाठीला चिकटते. उलट जाड जीन्सही सुतीच असते, तेव्हा नुसते ‘सुती’ म्हणून भागत नाही. पातळ आणि मोकळ्या विणीचे कापड पाहिजे. सुती कापड लवकर वाळत नाही, ही तक्रारही आहेच. पण जालन्याच्या कोरड्या हवेत तोच गुण ठरतो: डोक्याचा भिजवलेला रुमाल वाळेपर्यंत गारवा देतो. इथे कूलर चालतो आणि मुंबईत चालत नाही, त्याचे कारणही हेच. कोकणात हवाच ओलीने भरलेली असते, घाम वाळत नाही. तिथे सावलीत कमी कपडे बरे. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत तर प्रश्न गारव्यापुरता राहत नाही. ठिणगी पडली की पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटते, सूत चिकटत नाही.

कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यातले मजूर पॉलिस्टर घालतात ते अडाणीपणामुळे नव्हे. ते स्वस्त मिळते, टिकते, रात्री धुतले की सकाळी अंगावर घालता येते, इस्त्री लागत नाही. त्यांना उपदेश करून काही साधणार नाही. सफाई कामगार, सुरक्षारक्षक आणि कारखान्यातले कामगार यांचे गणवेश मात्र कोणी ना कोणी घाऊक खरेदी करते. त्या नगरपालिकेने, ठेकेदाराने, मालकाने यंदाच्या मागणीपत्रात तीन शब्द लिहावेत: सुती, पातळ, ढगळ.